विहीरपूजन

निकेशनं चपला काढल्या आणि विहिरीच्या कपारीत पाय टेकला. काठावर त्याची बायको मयुरी हिरवी साडी नेसून बसली होती. पदराखाली बाळ होतं. ते चोखत होतं, सोडत होतं, पुन्हा रडत होतं. मयुरीला दूध येत नव्हतं.

निकेशची आई रुखमाबाई हिला त्याचं कारण पक्कं ठाऊक होतं. सव्वा महिन्याची बाळंतीण गावची विहीर पुजते, तिची ओटी भरते, तिचं लोटाभर पाणी पिते. मग विहिरीसारखी तीही आटत नाही. रुखमाबाईनं हीच विहीर पुजली होती आणि तिचं दूध शेजारणीच्या पोरालाही पुरलं होतं. आता तळाशी गाळ, कुजलेला पाला आणि चार-दोन ओंजळी पाणी उरलं होतं. गावाला लागून कोळशाची खदान झाली. कोळसा निघतो, त्याची वीज होते, कुठे कुठे रात्रभर दिवे जळतात. गावाच्या वाट्याला धूळ आली, सुरुंगाचे हादरे आले आणि 'गावाच्या सेवेत' असं रंगवलेला खदानीचा टँकर आला.

गावातल्या दोन सुनांनी तर टँकरच पुजला होता. चाकाला हळदकुंकू, नळाला हार. ड्रायव्हर बिरजू बिचारा लाजून झाडामागं जाऊन उभा राहिला होता. आपणही तसंच करू, असं मयुरी भीतभीत म्हणाली. पण रुखमाबाई हट्टाला पेटली होती.

"चाकावरचं पाणी ते! आज इथी, उद्या तिथी. कोन्या नदीचं, कोन्या गावचं, कोणाले माहीत? माझ्या नातवाले आपल्या गावचंच पाणी पाहिजे."

बादली सोडून पाहिली. ती नुसता गाळ घेऊन वर आली. आईपुढं निकेशचं कधी काही चाललं नव्हतं. "एक लोटाच पाहिजे ना माय? आणतो," तो म्हणाला होता.

तो उतरायच्या आत रुखमाबाईनं पूजेचा दिवा परडीत ठेवून विहिरीत सोडला. दिवा अर्ध्यावर गेला आणि विझला. शेजारचा म्हातारा मुखरू काठीवर टेकून उभा होता, तो पुढं आला.

"बाई, दिवा विझला तं मानूस उतरवू नाई."

"वाऱ्यानं विझला. शुभ कामात आडवं नको बोलू भाऊ."

झाडाचं पानही हलत नव्हतं. विहिरीच्या पोटात वारा शिरत नाही, हे रुखमाबाईलाही कळत होतं. पण वर नातू रडत होता, आणि रडणाऱ्या नातवापुढं शहाणपण टिकत नाही. 

निकेश सराईतासारखा तळाशी पोचला. वरून दोरीला बांधून लोटा सोडला. तो वाकला, अगदी अलगद पाणी भरलं, दोरी हलवली. बायकांनी लोटा वर ओढला. पाणी काठोकाठ होतं.

"थोडा बसतो," खालून आवाज आला.

तो बसला तो बसलाच. मयुरीनं हाका मारल्या. मग साऱ्या गावानं मारल्या. एक पोरगा उतरायला धावला, त्याला मुखरूनं काठी आडवी घालून अडवलं. शेवटी खदानीतली माणसं आली, तोंडाला नळ्या लावून उतरली आणि निकेशला वर घेऊन आली. आत वायू साचला होता, असं त्यांनी सांगितलं. रुखमाबाईनं तेवढंही ऐकलं नाही. ती पोराचे गाल चापटत होती.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरच्या दवाखान्यातून प्रेत घरी आलं. अंगणात पाट मांडला. आंघोळीला पाणी हवं होतं. कुणी सांगायच्या आत बिरजूनं टँकर दारात आणून लावला, पाइप ओढला आणि नळाला हात घातला. रुखमाबाई धडपडत उठली. प्रेताच्या आडवी उभी राहिली.

"नको! माझ्या लेकराले परक्या पाण्यानं नका न्हाऊ घालू!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. बिरजूचे डोळे भरून आले. या माउलीचं दुःख तसूभर तरी हलकं व्हावं, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं हात जोडले.

"परकं नाई बाई. खदान खोल गेली ना, तं गावचे सारे झरे तिच्यातच उतरले. आमी पंपानं उपसतो अन् तुमालेच आणून देतो. तुमच्याच विहिरीचं पाणी होय हे."