लक्ष्मणरावचा उद्धार

लक्ष्मणराव शेवटच्या वळणावर पुन्हा मागे पडला आणि स्टँडमधल्या पब्लिकने त्याचा उद्धार सुरू केला.

“हौले लछमनराव! घर जाके सो जा रे!”

श्रीनिवासरावांनी डोळे मिटून प्रत्येक शिवी ऐकली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी हैदराबादच्या चिक्कडपल्लीहून रिक्षाचे धक्के खात ते रेसकोर्सवर येत ते याचसाठी. घोडा त्यांचाच होता. मुद्दाम मठ्ठ बघून घेतलेला, आणि नावही मुद्दाम ठेवलेलं.

खरा लक्ष्मणराव महायुद्धात याच रेसकोर्सचा कारभारी होता. मैदानात लष्कराचे तंबू पडले, घोड्यांची मागणी आली. त्याने स्वतःचे दोन घोडे कागदोपत्री लंगडे ठरवले आणि श्रीनिवासरावांच्या वडिलांची एकुलती एक घोडी, गंगू, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर धाडली. ती परतली नाही. वडील मरेपर्यंत रोज संध्याकाळी कुंपणाशी तिची वाट बघत उभे राहायचे. लक्ष्मणराव मात्र मानाने जगला आणि मानाने मेला. हे श्रीनिवासरावांना अजून सोसत नव्हतं.

मेघना घोड्याला घेऊन आली. वर्षापूर्वी ती स्वतःहून काम मागायला आली होती. आजवर एकही रेस न जिंकलेली ट्रेनर! श्रीनिवासरावांनी तिला लगेच ठेवून घेतलं, आणि लक्ष्मणरावची सगळी कहाणी रंगवून सांगितली. ती मान खाली घालून ऐकत राहिली होती, आणि तेव्हापासून रोज पहाटे अंधारात घोड्याला एकटीच पळवायची.

“सर, पुढच्या रविवारी मोठा कप आहे. ह्यांचं नाव घालू?”

“पब्लिक किती येतं?”

“दुप्पट तरी. आणि जिंकणाऱ्याचं नाव स्टँडच्या दारातल्या संगमरवरावर कोरतात.”

“जिंकणाऱ्याचं ना? मग आपल्याला काय त्याचं!” म्हाताऱ्याने खुशीत सही ठोकली. दुप्पट पब्लिक, दुप्पट शिव्या.

रविवारी रेसच्या आधी मेघना नेहमीसारखी वाकली आणि तिने घोड्याच्या पुढच्या दोन्ही खुरांना हात लावला.

“कशाला नाल तपासतेस?” श्रीनिवासराव हसले. “निघाली तर बरंच की.”

ती उठून खोगिराचा पट्टा आवळू लागली.

शेवटच्या वळणावर लक्ष्मणराव सुटला तो सुटलाच. स्टँड उभा राहिला. “लछमनराव! लछमनराव!” हजारो गळे एकच नाव घेत होते आणि त्यात एकही शिवी नव्हती. तो चार घोड्यांच्या लांबीने जिंकला.

श्रीनिवासराव काठी टेकत, धापा टाकत खाली आले.

“काय केलंस हे? त्या हरामखोराचं नाव आता दगडावर राहणार, कायमचं!”

मेघना पुन्हा वाकली. दोन्ही खुरांना हात लावून तिने तो कपाळाला नेला.

“मी नाल तपासत नव्हते, सर,” ती शांतपणे म्हणाली. “पणजोबांच्या पाया पडत होते.”