घर पाहायला आलेली माणसं

“वावर किती?” या पहिल्याच प्रश्नाला आनंदाबाईंनी दिराच्या वाट्याचंही आपल्यात धरलं आणि सात एकर सांगून टाकलं. पाहुणे विचारतात तेव्हा दीर वेगळा धरायचा नसतो.

पाहुणे दोनच होते. पिकल्या मिशांचे प्रभाकरराव आणि त्यांच्यासोबत वर्षाली नावाची सावळी, चटपटीत मुलगी. वर्ध्याहून आलो, घराची माहिती घ्यायची आहे, एवढं प्रभाकरराव दारात बोलले. पुढचं आनंदाबाईंनी बोलूच दिलं नाही. गावातला रूपराव दिवाळीपासून सांगत होता, वर्ध्याचं एक स्थळ आहे, पोरीवाले आधी घर पाहून जातील. म्हणजे आले एकदाचे. पोरगी स्वतःच आली याचं घटकाभर नवल वाटलं. पण अलीकडे सगळं पोरींच्याच मर्जीनं चालतं, हे नाचणगावात कोणाला सांगायला नको होतं. शेजारून दोन खुर्च्या आल्या. आलू चिरले गेले, पोहे भिजले. लेकाला, दुर्गेशला, मागच्या दारानं बोलावून तोंड धुवायला लावलं.

मुलगी सगळं कागदावर उतरवून घेत होती. लिहून घेणारी सून आनंदाबाईंना तिथल्या तिथे पसंत पडली. विहीर आहे का? आहे, म्हणाल्या; होती ती दिराची. खोल्या किती? गोठा धरून चार. संडास? हाये, टाइल्सवाला. हे मात्र खरं होतं, म्हणून जरा मोठ्यानं सांगितलं. मुलाचं शिक्षण? बारावीला अडकलेला दुर्गेश बी.ए. झाला. वय? चौतिशीचा दुर्गेश एकोणतीसवर आला. तो सयपाकघराच्या दारात उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

घरातलं कोणी बाहेरगावी राहायला गेलंय का, मुलीनं विचारलं. दोन लेकी, आनंदाबाई म्हणाल्या, एक पुण्याला दिली, एक नागपूरला. दोन्ही जावई नोकरीवाले. घरात नणंदेची कटकट नाही, हेही त्यात येऊन गेलं. दुर्गेश मात्र कुठं जात नाही. दोन दिवस पुण्याला बहिणीकडे पाठवला, तर तिसऱ्या दिवशी वावराच्या आठवणीनं परत.

“पंचविशीच्या वर, लग्न न झालेले पुरुष किती?”

आनंदाबाई हसल्या. “किती म्हंजे? एकच तं हाये, माय. ज्याले पाह्यले आल्या तुमी.”

मुलीचा पेन थांबला. तिनं प्रभाकररावांकडे पाहिलं. ते अर्धे खुर्चीतून उठले आणि तसेच वाकल्या वाकल्या सांगू लागले, की ते कॉलेजात भूगोल शिकवतात, ही त्यांची एम.ए.ची विद्यार्थिनी. गावातून कोण जातं, कुठं जातं, का जातं आणि मागं राहिलेल्या पोरांची लग्नं का अडतात, याचा ते अभ्यास करताहेत. या ओळीत सकाळपासून जितकी घरं झाली, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात एक असा निघाला. शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे त्यांना बोलल्यावर कळलं.

आनंदाबाईंनी पदर नीट केला.

“बसा, सर. पोहे झाले हायेत. पोह्याईले काय मालूम कोन आलं ते.”

ताटल्या भरून दिल्यावर त्या मुलीजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, ते आधीचं खोड. वावर चार एकर लिही, विहीर नाही, वय चौतीस, बारावी नापास. मुलीनं एकेक खोडलं. सोयरीकच नाही, तर भूगोलाशी खोटं बोलून काय पदरात पडणार होतं?

मग त्यांनी आपले प्रश्न सुरू केले. गाव कोणतं? तळेगाव, श्यामजी पंताचं. बाप काय करतो? शेती. संत्र्याची झाडं आहेत. भाऊ? एक आहे, लहान.

“अन् तुले कुठं देतो म्हनते बाप?”

“पुण्याले,” मुलगी म्हणाली. आतापर्यंत कॉलेजची बोली बोलणारी ती एकदम घरचं बोलली. “कंपनीतला पाह्यजे म्हनते.”

“तुह्या मनात?”

“माह्या बी मनात तेच हाये, काकू.”

रागवायची सोय नव्हती. दोन्ही लेकींच्या वेळी आनंदाबाईंनी स्वतःच शेतकऱ्याचं स्थळ दारातून परत पाठवलं होतं.

मुलगी रिकामी ताटली उचलून आत गेली. दारातला दुर्गेश अंग चोरून बाजूला झाला. नळ सुरू झाला, भांडं विसळल्याचा आवाज आला. आनंदाबाई बाहेर बसून ऐकत राहिल्या. या घरात कितीतरी दिवसांनी त्या बाहेर होत्या आणि भांडं आत वाजत होतं.

ओले हात ओढणीला पुसत मुलगी परत आली. एकच प्रश्न राहिला होता. तिनं तो कागदाकडेच बघत वाचला. येत्या पाच वर्षांत घरातलं कोणी गाव सोडायच्या विचारात आहे का?

“नाई,” दुर्गेश म्हणाला. पाहुणे आल्यापासून तो पहिल्यांदाच बोलला.

मुलीनं पेन टेकवला. आनंदाबाईंनी तिचा हात धरला.

“थांब, माय. तुमचा अभ्यास हाये, तुमाले मालूम असंन. हा पुण्याले गेला, तं भेटते का याले पोरगी?”

मुलीनं सरांकडे पाहिलं. सर पोह्यातली मिरची शोधून बाजूला काढत होते.

दारात दुर्गेशही उत्तरासाठी थांबला होता.