विषय क्रमांक सात

"विषय क्रमांक सात," नगरपंचायतीचा हेडक्लार्क पायगोंडा वाचू लागला, "विकास आराखड्यातील नव्या रस्त्याच्या आखणीत किरकोळ बदल करणे."

किरकोळ म्हणताना त्याने मान वर केली नाही. समोरच्या भिंतीवर गावाचा नकाशा टांगला होता. त्यावरची निळी रेघ महिन्यापूर्वीपर्यंत अध्यक्ष लालासाहेबांच्या उसातून सरळ सांगली रस्त्याला जात होती. आता ती खोडून तांबडी काढली होती. तांबडी रेघ उसाला वळसा घालून ओढ्याकाठच्या वस्तीवरून गेली होती.

"गाव वाढतंय," अध्यक्षांच्या शेजारी बसलेला सदस्य भाऊसो म्हणाला. "सांगलीच्या विश्रामबागेसारखी कॉलनी आपल्याकडं व्हायची तर रस्ता पायजेच. माझी सूचना हाय."

"अनुमोदन?" पायगोंडाने विचारलं.

शालूबाई उभी राहिली.

निवडून येऊन तीन वर्षं झाली, पण सभेत ती आज पहिल्यांदाच उठली होती. बायकांच्या राखीव जागेवर तिला उभी केली ती नवऱ्यानं, आकारामनं. तोच तिला सभेला आणून सोडायचा आणि बाहेर बाकावर बसून राहायचा. आत सगळ्यांचे हात वर गेले की तिचाही जायचा. आज मात्र ओढ्याकाठची माणसं सकाळपासून व्हरांड्यात येऊन थांबली होती, आणि त्यांत सुईण अंबूबाई होती. शालूबाईची दोन्ही बाळंतपणं त्या म्हातारीच्या हातची. दुसऱ्या खेपेला पोर आडवं आलं, तेव्हा ती दोन दिवस उशाशी बसून होती.

"बोला की ताई," लालासाहेब हसून म्हणाले.

शालूबाईनं पदर मुठीत धरला. "त्या तांबड्या रेघंखाली बावीस घरं हाईत. माझ्या वॉर्डातली. रेघ आधी सरळ हुती. ती वाकडी कुणी केली आन कशापायी, तेवढं सभेनं सांगावं. माझा ह्याला इरोध हाय."

पंखा घरघरत राहिला. कुणीतरी खाकरलं. भाऊसो नकाशाकडं बघायचं टाळून खिडकीबाहेर बघू लागला.

लालासाहेबांनी टेबलावर थाप मारली. "वा! तीन वर्षांनी आमच्या ताई बोलल्या. सभेच्या वतीनं त्यांचं अभिनंदन!"

सगळ्यांनी बाकं वाजवली. "घ्या पुढचा विषय," अध्यक्ष म्हणाले. आठवा विषय मोकाट कुत्र्यांचा होता.

शालूबाई खाली बसली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. बोललो आपण. सगळ्यांदेखत बोललो.

सभा संपली, चहाचे कप फिरू लागले. ती चहा न घेता पायगोंडाच्या टेबलाशी गेली.

"सातव्याचं काय लिवलंसा?"

त्यानं वही तिच्याकडं फिरवली. अक्षरांखाली बोट धरून ती वाचू लागली. सूचक, श्री. भाऊसो. अनुमोदक, सौ. शालूबाई. ठराव सर्वानुमते मंजूर.

तिनं पुन्हा वाचलं. बोट तिच्या नावावरच थांबलं.

"आवं, मी तर इरोध केला!"

"अनुमोदन मागितलं तवा तुमीच उठलासा, बाई." पायगोंडानं आवाज खाली आणला. "मी नोकर माणूस. साहेबांनी सांगितलं तसं लिवलं. खोडायचं तर त्यांच्या खोलीत जाऊन सांगा, आत्ता खोडतो. पर नव्या रस्त्याच्या मुरमाचं काम कुणाला मिळालंय, ह्याचं घरात बोलणं न्हाई झालं व्हय?"

शालूबाईनं अध्यक्षांच्या खोलीकडं बघितलं. दार सताड उघडं होतं. आकाराम लालासाहेबांच्या समोरच्या खुर्चीवर बसला होता. बशीत चहा ओतून घेत होता. तिची नजर आली तशी त्यानं बशी तोंडाला लावली.

सोमवारी दारात एक नवा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला होता. तिनंच त्याला हळदकुंकू लावलं होतं. कुणाचा, कशासाठी, हे तिनं नीट विचारलंच नव्हतं.

"बाई, खोडू?" पायगोंडानं पेनाचं टोपण काढलं.

खोलीतून कुणाचं तरी मोठ्यानं हसणं ऐकू आलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

व्हरांड्यात पाऊल टाकलं तसा ओढ्याकाठचा बिराप्पा पुढं आला. डोईचा पटका त्यानं काढून हातात घेतला होता.

"आतलं काय ऐकू न्हाई आलं, बाई. त्यो पंखा लय वराडतोय. पर तुमी उठलासा ते खिडकीच्या गजातनं दिसलं. बाकं वाजली तवाच म्या म्हनलं, जमलं गड्या! ऱ्हायली न्हवं आमची घरं?"

शालूबाईनं तोंड उघडलं.

तोवर माणसांना बाजूला सारत अंबूबाई तिच्यापुढं येऊन उभी राहिली. म्हातारीनं तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. दाहीच्या दाही वाजली.

"बघा गं," मागच्या बायांकडं वळून ती म्हणाली, "आपलं माणूस आत असलं म्हंजी असं असतंय."