रेघेच्या अलीकडे

दोन रोबो एकमेकांकडे पाठ करून उभे, मध्ये ताणलेली नायलॉनची दोरी आणि दोरीखाली आडवी काळी रेघ. मोहनकाकांनी हात खाली केला तसं संगिताने बटण दाबलं.

मोहनकाका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. डहाणूतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत रविवारी दुपारी रोबो बनवायचं वेड लागलेली मुलंमुली जमत. लाद्यांच्या फटींत चाकं अडकू नयेत म्हणून कसल्याशा कार्यक्रमाचा जुना फ्लेक्स उलटा अंथरून कडा चिकटपट्टीने बसवल्या होत्या; रेघ त्या फ्लेक्सवरच आखलेली. ज्याचा रोबो रेघेपलीकडे ओढला जाईल तो हरला. आणि इथला रिवाज असा, की हरणाऱ्याने आपला रोबो तिथल्या तिथे खोलायचा आणि जिंकणाऱ्याला हवा तो एक भाग काढून द्यायचा.

आज समोर असलेल्या ललितला संगिताची मोटर हवी होती. त्याने ते लपवलंही नव्हतं.

त्या मोटरी ट्रकच्या वायपरच्या. आयटीआय सुटल्यावर तलासरीच्या भंगारवाल्याकडे चकरा मारमारून, त्याच्या शिव्या खाऊन तिने एकसारखी जोडी मिळवली होती. एका चाकाला एक. एक गेली की रोबो जागच्या जागी गोल फिरत बसणार, आणि रानशेतसारख्या आडगावच्या पोरीला तशी दुसरी परत कोण शोधून देणार?

ललितचा रोबो मुंबईहून आणलेला, चकचकीत. तो भुंग्यासारखा घोंगावला. संगिताचा कुरकुरला, पण पुढे सरकला. तिने चाकांवर सायकलची ट्यूब ताणून बसवली होती आणि मोटरसायकलची जुनी बॅटरी बरोबर त्या चाकांच्या डोक्यावर ठेवली होती. मोटर कितीही दांडगी असो, चाक जमिनीला जेवढं धरेल तेवढंच ओढणार, हे काका दर रविवारी घसा कोरडा करून सांगत. ऐकणाऱ्यांतली ती एक.

ललितचा रोबो मागे येऊ लागला. रेघ वीतभर उरली. आणि संगिताच्या बॅटरीने मान टाकली.

दोष तिचाच. सकाळी निघताना पाड्यावर जो येईल त्याला तिने रोबो चालवून दाखवला होता. हौस नडली.

"संपला!" ललित ओरडला. "काका, स्क्रूड्रायव्हर द्या."

"थांब," संगिता म्हणाली. "रेघ कुठे ओलांडली?"

"अगं, बंद पडलाय तो."

"पडू दे. ओढ ना."

ललितने वेग पूर्ण वाढवला. त्याच्या रोबोची चाकं गरगरली, जळक्या रबराचा वास सुटला. संगिताचा रोबो ढिम्म. वायपरच्या मोटरीत आटे पाडलेली एक दांडी असते. दांडी दातेरी चाकाला फिरवते, पण त्या चाकाने उलटं दांडीला फिरवायचं म्हटलं तर ती दाद देत नाही. म्हणूनच गाडी कितीही जोरात पळाली तरी वारा काचेवरच्या वायपरला ढकलू शकत नाही. करंट असो नसो, तिची चाकं आता तिच्या स्वतःच्या हातांनीही फिरली नसती.

ललितच्या रोबोतून धुराची एक रेष निघाली. मग तोही गप्प झाला.

"बरोबरी," मोहनकाका म्हणाले. "दोघंही आपापलं सामान सांभाळा. चला, चहा घेऊ."

मोटर वाचली होती. संगिताने रोबो उचलला असता, घरी गेली असती, विषय मिटला असता. पण ललित बरोबर आलेल्या दोस्ताकडे वळून हसला. "मेलेला रोबो घेऊन भांडते यार. एवढं वजन टाकल्यावर धोंडा पण हलणार नाही. यात हिचं काय?"

यात हिचं काय! संगिताच्या कानशिलांपर्यंत आग गेली. कुठली ट्यूब किती ताणायची, बॅटरी बोटभर पुढे की मागे, यापायी तिने सबंध पावसाळा घालवला होता.

"काका, बरोबरी नको," ती म्हणाली. "त्याची दोरी सोडा. हाताने ओढू दे त्याला."

"संगिता, उगाच हट्ट करू नकोस."

"रेघेपलीकडे आला तर एक नाही, दोन्ही मोटरी ने," ती ललितला म्हणाली. "नाही आला तर यात कोणाचं काय ते सगळ्यांसमोर सांगायचं."

ललितने आपल्या रोबोची दोरी सोडली, हाताला दोन वेढे दिले आणि फ्लेक्सच्या बाहेर पाय रोवून ओढू लागला. दोरी ताठ झाली. रोबो हलला नाही. ललितने दात खाल्ले, अंग मागे टाकलं. त्या क्षणी संगिताला स्वतःचाच राग आला, पण शब्द मागे घ्यावा असं मात्र वाटलं नाही.

चर्रर आवाज झाला आणि रोबो ललितकडे सरकू लागला.

"आला! आला!" दोस्त नाचला.

ललित मागे मागे जात भिंतीला टेकला. मग त्याने खाली पाहिलं. कडांची चिकटपट्टी उचकटली होती. गुळगुळीत लाद्यांवरून सगळा फ्लेक्सच घसरत आला होता, आणि त्यावर ट्यूबची चाकं रुतवून संगिताचा रोबो होता तिथेच बसला होता. रेघेच्या अलीकडे.

"ओढ अजून," संगिता म्हणाली. "रेघ पण येतेय बरोबर."