शंका असंल तर

चौगुले सर तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवायचे. "आता निम्मं ऑनलाइन, निम्मं वर्गात," असं प्राचार्यांनी ठरवल्यावर त्यांनी उन्हाळाभर मोकळ्या बाकांपुढं उभं राहून कॅमेऱ्यासमोर सगळा अभ्यासक्रम शिकवला. जुलैत नेमणुकीचं विचारायला गेले, तर प्राचार्य म्हणाले, "व्हिडिओ हायत की! वर्गातबी तेच दाखवतोय. यंदा तुमची गरज न्हाय." सर जिन्याकडं वळले तेवढ्यात वर्गातून त्यांचाच आवाज आला. ते दारात थांबले. पडद्यावरचे चौगुले सर सवयीनं म्हणाले, "शंका असंल तर हात वर करा." मागच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. सरांचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडलं. शिपायानं दंड धरला, "जाऊ नगासा सर, माझी नोकरी जाईल." पडद्यावरच्या सरांनी मोकळ्या बाकांवरून नजर फिरवली. "कुणालाच न्हाय न्हवं? मग चला पुढं." मुलीनं मुकाट हात खाली घेतला.