पुसलेल्या वाक्याला उत्तर

भरदुपारी चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर वहिनी ऑनलाइन वाद घालत होत्या. परक्या देशाच्या उपग्रहांवर आपलं इंटरनेट सोपवावं का, हा विषय. त्यांनी एक वाक्य लिहिलं आणि न पाठवताच पुसून टाकलं. समोरच्यानं नेमकं त्याच वाक्याला उत्तर दिलं.

"वहिनी, असल्याच्या नादी लागू नका," काउंटरवरची नणंद म्हणाली.

"का म्हणून? मुद्दा माझाच बरोबर आहे."

स्क्रीनवर उमटलं, "माघार घ्या."

वहिनींनी कॉम्प्युटरची वायरच उपटली. मग आपलं उत्तर कागदावर लिहिलं, टेबलाच्या रिकाम्या खणात टाकलं आणि कुलूप लावलं. "दे आता उत्तर!"

खणातून कागदावर पेन चालल्याचा आवाज येऊ लागला. पेन तर वहिनींच्या हातात होतं. नणंद दाराकडे धावली.

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली. "लिही, लिही. मी बसलेय इथंच."