दुसरं नाव

खासदारकीच्या उमेदवारीचा अर्ज भरायची मुदत बाराला संपणार होती. हेमांगीने पावणेबाराला सही केली. अमेरिकेतल्या त्या शेतकी भागात गुरांची डॉक्टर म्हणून तिची वीस वर्षं गेली होती. बुटांना अजून सकाळच्या गोठ्यातलं शेण होतं.

“अगं, आपटशील,” नवरा म्हणाला. “सोळा वर्षं तोच खासदार निवडून येतोय.”

“निवडून कुठे? समोर कुणी उभंच राहत नाही, म्हणून इथे त्या जागेचं मतदानच होत नाही. दुसरं नाव आलं की घ्यावं लागेल.”

नोव्हेंबरमध्ये ती पडली. एकोणतीस टक्के मतं मिळाली.

दुसऱ्या दिवशी वेंडल नावाच्या शेतकऱ्याची गाय तपासायची होती. तो नजर चुकवत म्हणाला, “डॉक्टर, मी मत त्यालाच दिलं. पण या वेळी तो स्वतः इथे कुंपणाशी आला, मोडका पूल बघून गेला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.”

“पूल बांधतो म्हणाला?”

“बघतो म्हणाला.”

हेमांगीने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला.

“मग दोन वर्षांनी, पुढच्या निवडणुकीला, त्याला पुन्हा यावं लागेल,” ती म्हणाली. “शेपूट धरा.”